पाऊणशे शितांचं अंतर

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. सकाळी उपाशीपोटी, सगळं ठीक असताना, त्यातल्या दर १०० मिलिलिटरमागे ग्लुकोज १०० मिलिग्रॅमच्या आत असतं. ५ लिटर म्हणजे शंभर-शंभर मिलिलिटरचे ५० भाग. गुणाकार करा, उत्तर येतं ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत फिरणाऱ्या साऱ्या रक्तात मिळून साखर एवढीच. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे डेव्हिड वॉसरमन यांनी २००९ साली लिहिलेल्या शोधनिबंधात तर हा आकडा आणखी खाली आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात ४ ग्रॅम.

आता दुसरा आकडा. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच राहिली, की डॉक्टर मधुमेहाचं निदान करतात. १२६ म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ६.३ ग्रॅम. निरोगी आणि मधुमेही यांच्यामधलं अंतर १.३ ग्रॅमचं. कच्च्या तांदळाचा एक दाणा सुमारे २० मिलिग्रॅमचा असतो आणि त्यातला पिष्टमय भाग पूर्ण पचला की दाण्यामागे १७ मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुकोज मिळतं. त्या हिशेबाने १.३ ग्रॅम म्हणजे पाऊणशे शितं. पानात वाढलेल्या भाताच्या मुदीचा एक लहानसा घास.

खालच्या बाजूलाही कठडा आहे. साखर ७० च्या खाली गेली की हातपाय कापायला लागतात, घाम फुटतो, भुकेने जीव कासावीस होतो. ५४ च्या खाली परिस्थिती गंभीर मानतात. ग्रॅममध्ये बोलायचं तर ३.५ आणि २.७. म्हणजे एका बाजूला चक्कर आणि दुसऱ्या बाजूला मधुमेह, यांच्या मधली सुरक्षित वाट तीन ग्रॅमसुद्धा रुंद नाही. या वाटेवरून शरीर रात्रंदिवस चालत असतं, आणि आपण त्याला दिवसातून तीन-चार वेळा भरलं ताट देत असतो.

पाऊणशे शितं जास्त खाल्ली म्हणून कुणी मधुमेही होत नाही, हे वेगळं सांगायला नको. निरोगी शरीर पाच हजार शितंही पचवून साखर पुन्हा जागेवर आणतं. मधुमेहात ही जागेवर आणण्याची यंत्रणा थकते. पण ताटात काय पडतं आणि किती पडतं, याला एवढं महत्त्व का, हे समजायला त्या एका चमच्याचा आकार डोक्यात पक्का असावा लागतो.

चमच्यावर लोटणारं ताट

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या इंडियाब पाहणीचा आहारविषयक भाग २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. दिवसाला २,००० कॅलरी धरल्या, तर हा वाटा १,२४० कॅलरींचा. एक ग्रॅम कर्बोदकं ४ कॅलरी देतात, म्हणजे दिवसाला ३१० ग्रॅम. रक्तात असते त्याच्या बासष्टपट साखर रोज दारात येऊन उभी राहते. हाच वेग सत्तर वर्षं धरला, तर एका आयुष्यात सुमारे आठ टन.

मधुमेहाच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात मिसळून प्यायला देतात. ते सगळंच्या सगळं रक्तात उतरलं आणि तिथेच थांबलं असतं, तर ग्लुकोमीटरवर १,६०० चा आकडा दिसला असता. प्रत्यक्षात निरोगी माणसाची साखर दोन तासांनी १४० च्या खाली असते. पंधरा रक्तभर साखर शरीराने दोन तासांत कुठेतरी लावून टाकलेली असते.

ती जागच्या जागी लावण्याचं काम मुख्यतः इन्सुलिन करतं. स्वादुपिंडात सुमारे दहा लाख लहान-लहान पेशीपुंज विखुरलेले आहेत. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. या सगळ्या पुंजांचं एकत्र वजन जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम. त्यांतून दिवसभरात ४० युनिटच्या आसपास इन्सुलिन बाहेर पडतं, आणि त्याचं वजन भरतं सुमारे दीड मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याचे पंधरा तुकडे केले तर एक तुकडा साधारण एवढा. हा तुकडा ३१० ग्रॅम कर्बोदकांचा बंदोबस्त करतो. सत्तर वर्षांच्या आयुष्यात लागणारं सगळं इन्सुलिन एकत्र केलं तरी ते ४० ग्रॅमच्या आत राहतं. आठ टनांविरुद्ध चाळीस ग्रॅम.

इन्सुलिनचा इशारा मिळाला की स्नायू आणि यकृत दारं उघडतात. यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवता येते, स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. मेंदूला साठा करायची सोयच नाही. तो रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज चालता-चालता उचलतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा २ टक्के, खर्चात २० टक्के. मूत्रपिंडाचा हिशेब तर थक्क करणारा. दिवसभरात १८० लिटर द्रव तिथे गाळला जातो, आणि त्याबरोबर १८० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोजही गाळलं जातं. निरोगी माणसात ते जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं. रक्तातली साखर १८० च्या वर गेली, की ही परत घेण्याची ताकद संपते आणि उरलेली साखर लघवीवाटे बाहेर पडू लागते.

रात्री आपण झोपतो तेव्हा यकृत उलट्या दिशेने काम करतं. साठ किलोच्या माणसात ते तासाला सुमारे ७ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं. रक्तात एका वेळी असतं ५ ग्रॅम, तासाला येतं-जातं ७ ग्रॅम. म्हणजे पाऊण तासाच्या आत रक्तातली सगळी साखर बदललेली असते. दादर स्टेशनच्या फलाटावर एका क्षणी उभी असलेली माणसं आणि दिवसभरात तिथून ये-जा करणारी माणसं यांत जेवढा फरक, तेवढा रक्तातल्या साखरेचा आकडा आणि तिची उलाढाल यांत आहे. ग्लुकोमीटर फलाटाचा फोटो काढतो. गाड्या किती आल्या नि किती गेल्या, हे त्याला दिसत नाही.

सतरा कोटी कोटी कोटी

पाच ग्रॅम म्हणजे थोडीशी साखर, असं वाटत असेल तर तिचे रेणू मोजू. कोटीला कोटीने गुणा, येईल त्याला पुन्हा कोटीने गुणा आणि मग सतराने. तेवढे ग्लुकोजचे रेणू आत्ता तुमच्या रक्तात आहेत. त्यातले दर सेकंदाला ४६ हजार कोटी कोटी रेणू मेंदू उचलतो.

ताटातले हे रेणू मोकळे नसतात, साखळ्यांत बांधलेले असतात. भात, पोळी, बटाटा, साबुदाणा या सगळ्यांतला पिष्टमय पदार्थ म्हणजे ग्लुकोजला ग्लुकोज जोडत नेलेली माळ. माळेचे प्रकार दोन. अमायलोज हा बराचसा सरळसोट, काहीशे ते काही हजार रेणूंचा, घट्ट गुंडाळून बसणारा. अमायलोपेक्टिन हा फांद्या फुटलेला, दर पंचवीस-तीस रेणूंमागे नवी फांदी आणि एकूण आकार लाखाच्या घरातला. पाचकरसाला माळ टोकांकडून तोडायला सोपी जाते, आणि फांद्या जितक्या जास्त तितकी टोकंही जास्त. म्हणून अमायलोपेक्टिन भराभर सुटं होतं आणि अमायलोज वेळ लावतं. मऊ, चिकट भात होणाऱ्या तांदळात सहसा अमायलोज कमी असतं, शीत न् शीत मोकळं राहणाऱ्यात जास्त.

या एका फरकाचा परिणाम किती मोठा? फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या साथीने तांदळाच्या २३५ जाती तपासल्या. २०११ साली आलेल्या निष्कर्षात त्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते याचं माप, ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेला होता. भारतात मोठ्या प्रमाणावर पिकणारी ‘स्वर्णा’ ही जात त्यात खालच्या टोकाला होती. नुसतं ‘भात खाल्ला’ असं म्हणणाऱ्याने नेमकं काय खाल्लं, हे त्या वाक्यातून कळत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरंच, पण शीत कुठल्या तांदळाचं हे माहीत असावं लागतं.

साखरेपेक्षा वर भात

ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना टोरंटो विद्यापीठातले डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये मांडली. तोवर समज असा, की साखर गोड म्हणून वाईट, आणि भात-बटाटा सावकाश पचणारे म्हणून बरे. जेन्किन्सनी ६२ पदार्थ प्रत्यक्ष माणसांना खायला घालून त्यांच्या रक्तातली साखर मोजली. पद्धत सोपी. ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ खायला द्यायचा, पुढचे दोन तास साखरेचा आलेख काढायचा, आणि शुद्ध ग्लुकोजच्या आलेखाला १०० धरून त्याच्याशी तुलना करायची. ५५ पर्यंत कमी, ७० च्या पुढे जास्त.

पुढे जगभरातल्या मोजण्या एकत्र करून २००८ मध्ये जो तक्ता छापला गेला, त्यातली सरासरी अशी : उकडलेला बटाटा ७८, पांढरा पाव ७५, पांढरा भात ७३, ब्राऊन राईस ६८, साखर ६५, मध ६१, चपाती ५२, आंबा आणि केळं ५१, दूध ३९, मसूर ३२, छोले २८, राजमा २४. साखर भाताच्या खाली आहे, आणि ही छपाईची चूक नाही. साखरेचा प्रत्येक रेणू अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. फ्रुक्टोज थेट यकृताकडे जातं, ग्लुकोमीटरला दिसत नाही, आणि त्याचा स्वतःचा इंडेक्स आहे १५. भातातली माळ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ग्लुकोजचीच. यावरून साखर चांगली ठरत नाही. यकृतात जास्तीच्या फ्रुक्टोजची चरबी होते, तो हिशेब वेगळ्या वहीत लिहिला जातो.

पदार्थाचं नाव तेच राहून नुसतं रूप बदललं तरी आकडा हलतो. जाडसर ओट्सची लापशी ५५, झटपट होणाऱ्या बारीक ओट्सची ७९. उकडलेला बटाटा ७८, पाकिटातल्या पावडरीचा लगदा ८७. धान्य जितकं दळलं, कुटलं, शिजवून मऊ केलं, तितकं पाचकरसाचं काम आपणच आधी उरकून ठेवलेलं असतं.

कलिंगडाची फिर्याद

इंडेक्स मिळाला आणि लोक यादी घेऊन बसले. यादीत कलिंगड निघालं ७६ वर, भाताच्याही वर. मधुमेही घरांतून बिचाऱ्याची हकालपट्टी झाली. पण इंडेक्स काढताना पदार्थ ५० ग्रॅम कर्बोदकं भरतील एवढा खाल्लेला असतो. कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात कर्बोदकं सुमारे ७ ग्रॅम. म्हणजे त्या ७६ साठी ७०० ग्रॅम गर खावा लागतो. भाताच्या बाबतीत तेच ५० ग्रॅम १८० ग्रॅम भातात मिळतात, सव्वा वाटीत.

हा घोळ सोडवायला हार्वर्डच्या संशोधकांनी १९९७ मध्ये ग्लायसेमिक लोड हा मापदंड वापरात आणला. इंडेक्सला ताटातल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणायचं आणि शंभराने भागायचं. १० पर्यंत कमी, २० च्या पुढे जास्त. कलिंगडाची १०० ग्रॅमची फोड येते ५ वर. दीडशे ग्रॅम भाताची वाटी, म्हणजे ४२ ग्रॅम कर्बोदकं, येते ३१ वर.

आता आपल्या स्वयंपाकघरात हाच गुणाकार करून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम तांदळात कर्बोदकं सुमारे ७८ ग्रॅम, ज्वारीत ६८ आणि गव्हाच्या पिठात ६४. तंतू मात्र ज्वारीत आणि गव्हात दहा-अकरा ग्रॅम, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. इथपर्यंत भाकरी आणि पोळी पुढे. पण कुणी तक्ता खात नाही, वाढलेलं खातो.

– २५ ग्रॅम पिठाचा फुलका : १६ ग्रॅम कर्बोदकं, रक्तातल्या साखरेच्या तिप्पट.
– प्रत्येकी ४० ग्रॅम पिठाच्या तीन पोळ्या : ७७ ग्रॅम, पंधरापट.
– ८० ग्रॅम पिठाची एक दणदणीत ज्वारीची भाकरी : ५४ ग्रॅम, अकरापट.
– दीडशे ग्रॅम भाताची एक वाटी : ४२ ग्रॅम, आठपट.
– ६० ग्रॅम पोह्यांची बशी : सुमारे ४५ ग्रॅम, नऊपट.
– पाव किलो उसाच्या रसाचा ग्लास : ३३ ते ३८ ग्रॅम, सातपट.
– ७५ ग्रॅम साबुदाण्याची खिचडी : नुसत्या साबुदाण्याचे ६५ ग्रॅम, तेरापट, बटाटा वेगळा.
– ४० ग्रॅम कणीक, २५ ग्रॅम डाळ आणि ३० ग्रॅम गुळाची एक पुरणपोळी : ६० ग्रॅमच्या पुढे, बारापट.

चपातीचा इंडेक्स ५२ आणि भाताचा ७३. तरीही तीन पोळ्यांचा लोड ४० येतो आणि एक वाटी भाताचा ३१. ‘डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितला’ म्हणून त्या जागी दोन पोळ्या वाढवणाऱ्याची साखर का उतरत नाही, याचं उत्तर या एका ओळीत आहे. भाकरीचंही तेच. ज्वारी गुणी आहे, पण दोन मोठ्या भाकऱ्यांत १०८ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि गुणी धान्याचं ग्लुकोजही ग्लुकोजच. उपवासाच्या दिवशी तर एकादशी आणि दुप्पट खाशी हे शब्दशः खरं ठरतं. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ पिष्टमय भाग. त्यात प्रथिनं नावालासुद्धा नाहीत, तंतूही नाहीत. खिचडीची थोडीफार लाज दाण्याचं कूट राखतं.

पंगतीचा क्रम

पदार्थ तेच, वजन तेच, आणि क्रम बदलला तर? न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये अल्पना शुक्ला, लुई आरोन आणि सहकाऱ्यांनी ११ मधुमेही व्यक्तींना एकच जेवण दोन दिवस दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, भाज्या आणि चिकन पंधरा मिनिटांनी. दुसऱ्यांदा उलट. भाज्या-प्रथिनं आधी खाल्ली तेव्हा अर्ध्या तासाची साखर २९ टक्क्यांनी, तासाभराची ३७ टक्क्यांनी आणि दोन तासांची १७ टक्क्यांनी कमी निघाली. माणसं थोडी होती, पण फरक मोठा होता. आधी गेलेले तंतू, प्रथिनं आणि स्निग्धांश जठराचं रिकामं होणं लांबवतात, त्यामुळे मागून आलेला पाव आतड्यात लोंढ्याने उतरत नाही.

आपल्या पंगतीकडे या नजरेने पाहिलं की गंमत वाटते. पानात पहिली पडते ती भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. मग मसालेभात. मग पोळ्या किंवा पुऱ्या, त्यांच्याबरोबर जिलबी नाहीतर श्रीखंड. आणि शेवटी पुन्हा ताकभात. कोशिंबीर डाव्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी, चमचाभर. म्हणजे ज्याने जेवण सुरू करावं ते तोंडी लावायला, आणि जे बेताने घ्यावं त्याच्या आग्रहावर आग्रह. एकच उलटापालट पुरेशी आहे. कोशिंबीर वाटीभर करा, ती आणि उसळ आधी संपवा, मग मुदीकडे वळा. त्यात वरण आणि तूप आहेच, त्यांनीही भाताचा वेग थोडा मंदावतो.

शिळ्या भाताचीही हल्ली बरीच कीर्ती ऐकू येते. भात गार झाला की त्यातल्या काही माळा पुन्हा घट्ट बसतात आणि लहान आतड्यात पचत नाहीत. २०१५ मध्ये इंडोनेशियात झालेल्या प्रयोगात ताज्या भातात अशी न पचणारी माळ १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम होती. चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. खाणाऱ्या पंधरा निरोगी माणसांच्या साखरेचा आलेखही खाली आला. परिणाम आहे, पण त्याचं माप ध्यानात ठेवा. शंभर ग्रॅम भातातल्या २८ ग्रॅम कर्बोदकांपैकी जेमतेम एक ग्रॅम बाजूला पडला. फोडणीचा भात म्हणून दुप्पट खाल्ला, तर तो एक ग्रॅम कुठल्या कुठे वाहून जातो. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जाणारा उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा सावकाश साखर सोडतो. त्याचा दाणा सालासकट वाफवलेला असल्यामुळे ब जीवनसत्त्वंही त्यात जास्त टिकतात. त्यालाही गुणाकाराचा नियम मात्र चुकलेला नाही.

शेजारच्या पाटावरचा माणूस

इथपर्यंतचे सगळे आकडे सरासरीचे. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेने ८०० माणसांच्या अंगावर साखर मोजत राहणारी यंत्रं आठवडाभर लावली आणि ४६,८९८ जेवणांची नोंद घेतली. २०१५ साली ‘सेल’मध्ये आलेल्या या अभ्यासात एकच पदार्थ खाऊन एकाची साखर जेमतेम हलली आणि दुसऱ्याची उंच चढली. आतड्यातले जिवाणू, वजन, झोप, व्यायाम, आधीचं जेवण, सगळ्यांचा त्यात हात असतो.

यातला एक धागा थेट पुण्याचा आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघंही सडपातळ दिसणारे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हा फरक जन्मापासूनचा असल्याचं पुण्याच्या अभ्यासांतून दिसलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं जवळपास सगळ्या मापांत लहान, चरबीत मात्र फारशी मागे नाहीत. कमी पडतात ते स्नायू. जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त स्नायूंतच जाऊन बसते. गोदाम लहान आणि माल ६२ टक्के कर्बोदकांचा, ही आपली अडचण आहे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला हा सल्ला इथूनच येतो. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो.

एका कारखान्याचा एक दिवस

आता माणूस सोडून देश मोजू. इंडियाब पाहणीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. राज्यांमध्ये सर्वांत वर गोवा, २६.४ टक्के. दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त.

या १०.१ कोटी माणसांची उपाशीपोटीची साखर सरासरी १६० धरू. हा आकडा माझा, हिशेबापुरता. म्हणजे प्रत्येकाच्या रक्तात ८ ग्रॅम, हवी त्यापेक्षा ३ ग्रॅम जास्त. सगळ्यांची जास्तीची साखर एकत्र केली तर होते सुमारे ३०० टन. महाराष्ट्रात हंगामात दोनशेच्या आसपास साखर कारखाने चालतात. त्यांतला एखादा मध्यम कारखाना, रोजचं गाळप ३,००० टन, उतारा १० टक्के. त्याची एका दिवसाची साखर ३०० टन. मधुमेहातून आलेली देशभरातली अपंगत्वं, डायलिसिसची केंद्रं, गेलेली नजर, कापावे लागलेले पाय, या सगळ्यांच्या मागे कुठल्याही एका क्षणी उभी असलेली जास्तीची साखर एवढीच आहे.

ती ३०० टन आज काढून टाकली, तरी संध्याकाळपर्यंत परत येईल, कारण येणारा लोंढा ३१० ग्रॅम गुणिले १०.१ कोटी, म्हणजे रोजचा ३१,००० टनांचा आहे. हात घालायचा तो या आकड्यात. एकवीस देशांतल्या १ लाख ३२ हजार लोकांवरच्या ‘प्युअर’ अभ्यासात दिवसाला ४५० ग्रॅम किंवा जास्त भात खाणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका १५० ग्रॅमच्या आत खाणाऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी जास्त आढळला. दक्षिण आशियात तो ६१ टक्क्यांनी जास्त होता. तीन वाट्या विरुद्ध एक वाटी. आणि इंडियाबच्या २०२५ च्या विश्लेषणातला निष्कर्ष अधिक बोचरा आहे. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाची शक्यता घटलेली दिसली नाही. कर्बोदकांची ५ टक्के ऊर्जा काढून तिथे डाळी-दुधाची प्रथिनं ठेवण्याचा हिशेब केला, तेव्हा ती घटली.

२,००० कॅलरींचे ५ टक्के म्हणजे १०० कॅलरी, म्हणजे २५ ग्रॅम कर्बोदकं. एक पोळी, किंवा अर्ध्या वाटीहून थोडा जास्त भात. तिच्या जागी दही, पनीर, अंडं किंवा घट्ट वरण. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हे स्वतःच्या मनाने एकदम करू नये. खालचा कठडा निरोगी पातळीपासून दीड ग्रॅमच्याच अंतरावर आहे, आणि औषधाचा डोस जुन्या ताटाच्या मापाने ठरलेला असतो. आधी डॉक्टरांशी बोलावं.

वाटी हे माप आहे असं आपण धरून चालतो, पण कुठल्याही दोन घरांतल्या वाट्या सारख्या नसतात. तुमच्या वाटीत १०० ग्रॅम भात मावतो की २००, आणि तुमची पोळी २५ ग्रॅम पिठाची होते की ५० ची, हे एकदा काट्यावर ठेवून पाहा. ते कळेपर्यंत वरच्या यादीतला एकही आकडा तुमच्या कामाचा नाही.